चिंतेची गोळी सुटली कशी? (अनुभव लिहा)

काल कपाट आवरताना जुन्या पर्समध्ये क्लोनाझेपामची स्ट्रिप सापडली, एकच तुकडा उरलेला, ब्लेडने पाव केलेला. पंधरा दिवसांसाठी दिलेली गोळी मी साडेतीन वर्षं घेतली. मधे एकदा आपलं आपणच बंद केली तर तिसऱ्या दिवशी हात थरथर आणि नळाचं पाणी पडलं तरी कानात खिळे ठोकल्यासारखं. मग डॉक्टरांनी परत चालू करून नऊ महिन्यांत उतरवली. तुमचं कसं झालं?

माझी अल्प्राझोलाम. ती अंगातून पटकन उतरते ना, त्यामुळे पुढच्या डोसच्या आधीच धडधड, मला वाटायचं आजार वाढतोय. डॉक्टर म्हणाले, आजार नाही, गोळीची ओढ आहे. मग डायझेपामवर नेलं, ती शरीरात रेंगाळते, आणि दर दोन-चार आठवड्यांनी 5 ते 10 टक्के कमी. शेवटचा तुकडा सगळ्यात जड गेला.

पाव कसा करता हो? माझा निम्मा चुराच होतो 😄

पिल कटर घ्या दादा, ब्लेड नको.

कृपा करून हे वाचून कोणी उद्यापासून बंद करू नका. माझ्या भावाने केली, चौथ्या दिवशी फिट आली. आधी आयुष्यात कधी नव्हती.

सासूबाई रात्री बाथरूमला उठल्या आणि पडल्या, खुबा मोडला. दहा वर्षं चालू होती गोळी, आम्ही समजत होतो बीपीची आहे. घरातल्या म्हाताऱ्यांच्या स्ट्रिप एकदा वाचून बघा

अगं आता कशा आहेत?

वॉकरवर. माझ्यावर ओरडतात, म्हणजे बऱ्या आहेत.

गंमत बघा, जुन्या झोपेच्या गोळ्यांपेक्षा सुरक्षित म्हणून 1960 मध्ये या जातीतली (बेन्झोडायझेपिन, वर नावं आलेल्या तिन्ही गोळ्या त्यातल्याच) पहिली गोळी बाजारात आली, आणि सवय लागते, एकदम थांबवू नका असा ठळक इशारा सगळ्यांवर छापायला अमेरिकेने 2020 मध्ये लावलं. साठ वर्षं!

मी 0.25 वर अडकलेय. कमी केली की पहाटे तीनला जाग, मग छताकडे बघत बसायचं. परत वाढवू का?

ताई, मी पण दोन महिने एकाच डोसवर थांबले होते. थांबलं म्हणजे हरलं नाही. पण वाढवायचं की थांबायचं हे डॉक्टरांना विचारा, आणि झोपेसाठी वर दारू बिरू अजिबात नको, श्वासच मंदावतो. मुलगी उठली, रात्री लिहिते.

पिल कटर मेडिकलमध्ये मिळतो का?