थेट सरपंच एका पॅनलचा, बहुमत दुसऱ्याचं. पाच वर्षं पद कसं टिकवायचं?

मांजराकाठ
लातूर जिल्ह्यातली सात सदस्यांची ग्रामपंचायत. सरपंच ताई ओबीसी महिला जागेवर थेट जनतेतून निवडून आल्यात, पण सातपैकी पाच सदस्य समोरच्या पॅनलचे. शपथेची शाई वाळायच्या आत 'अविश्वास आणतो' सुरू झालंय. खरंच आणता येतो का? आणि सुरुवातीला कोणती कागदं ताब्यात घ्यायची? राजकारण नको, पद्धत सांगा.

नमुना_आठ
अविश्वासाचं गणितच बसत नाही. थेट सरपंचावर निवडून आल्यापासून दोन वर्षं आणि मुदतीचे शेवटचे सहा महिने ठराव येत नाही. त्यानंतरही ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे एक तृतीयांश सदस्यांनी तहसीलदारांना नोटीस द्यायची, तहसीलदारांनी सात दिवसांत विशेष सभा बोलवायची, आणि तिथं तीन चतुर्थांश मतं लागतात. सातची तीन चतुर्थांश सव्वापाच, म्हणजे सहा. सरपंच धरून आठ मोजले तरी सहाच. पाचात भागत नाही. एखादा फुटून सहा झाले तरी विशेष ग्रामसभेत मतदानानं शिक्कामोर्तब व्हावं लागतं. थेट निवड २०१७ ला आली, २०२० ला गेली, २०२२ ला परत आली. मधल्या काळात सदस्यांतून निवडलेल्या सरपंचांचे किस्से ऐकून लोक धमक्या देतात.

पद जातं ते त्याच कायद्याच्या कलम १४ मध्ये, म्हणजे अपात्रतेत. तिथं बहुमत लागत नाही, जिल्हाधिकाऱ्यांकडं एकाच गावकऱ्याचा अर्ज पुरतो. त्यामुळं आधी हे बघा:

घरपट्टी-पाणीपट्टी. मागणी बिल (नमुना ९क) मिळाल्यापासून तीन महिन्यांत भरलं नाही की अपात्रतेचा अर्ज तयार. ताईंच्या नावावरची प्रत्येक मिळकत नमुना ८ ला (ग्रामपंचायतीची कर आकारणी नोंदवही) काढून बघा, सासरे-दीर यांच्याशी सामाईक असलेलीसुद्धा. नमुना १० ची पावती घेऊनच उठायचं. 'ग्रामसेवक म्हणाले नंतर बघू' हे सुनावणीत चालत नाही.

निवडणूक खर्च. निकालापासून ३० दिवसांत तहसीलला हिशोब, पोच शिक्क्यासह. खर्चाची मर्यादा सरपंचाला अन् सदस्याला वेगवेगळी, चालू आकडा तहसीललाच विचारा. बिनविरोध आलेल्यांना वाटतं आपल्याला लागू नाही, तेही यात अडकतात.

अतिक्रमण. मराठवाड्यात बऱ्याच तक्रारी गायरान-गावठाणाच्याच असतात. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ ला जनाबाई प्रकरणात स्पष्ट केलं, की अतिक्रमण घरच्या दुसऱ्या माणसानं केलेलं असलं तरी सदस्य त्या घरात राहत असेल तर अपात्र होतो. गोठा, ओटा, रस्त्यावर आलेला जिना, आज काढता येत असेल तर आजच काढा.

जिल्हाधिकाऱ्यांचा निकाल विरोधात गेला तर १५ दिवसांत विभागीय आयुक्तांकडं, छत्रपती संभाजीनगरला अपील.

गोदाकाठचा
नमुना_आठ दादांनी सगळं सांगितलं, पण ओबीसी जागेचं राहिलं. जात वैधता! अर्जासोबत दिलेल्या हमीपत्रातल्या मुदतीत जात वैधता प्रमाणपत्र दिलं नाही की निवड रद्द, निवडून कितीही मतांनी या. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आपल्याकडं निजामाच्या काळातली कागदं उर्दूत असतात, म्हणून शाळेचा प्रवेश निर्गम उतारा आणि तहसीलचं खासरापत्रक (जमिनीच्या जुन्या नोंदी) आधी शोधा, उर्दूचं अधिकृत भाषांतर लगेच टाका. पुरावा लागतो माहेरचा, वडील-आजोबांचा. सासरची कागदं गोळा करत बसाल नसता. जात पडताळणी समितीकडं प्रकरण पडून असेल तर पोच अन् स्मरणपत्रांच्या प्रती जपून ठेवा.

आमसभा
कारभारातली कोंडी वेगळी. विरोधी पाच जण मासिक सभेला येत नाहीत म्हणून सभाच न बोलावणं ही सर्वांत महाग चूक. सभा बोलावायची जबाबदारी सरपंचाची, कलम ३६ तिथंच धरतं. नोटीस वेळेत बजावा, सदस्यानं घ्यायला नकार दिला तर दोन पंचांसमोर दारावर डकवा. गणपूर्ती नाही झाली तर प्रोसिडिंगला 'तहकूब' लिहून सह्या घ्या. आणि उलटं हत्यारही आहे: सलग सहा महिने परवानगीशिवाय गैरहजर राहिलेल्या सदस्याचं पद धोक्यात येतं. हे एकदा सभेत वाचून दाखवलं की हजेरी आपोआप वाढते.

वर्षाला चार ग्रामसभाही तितक्याच बंधनकारक. गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १००, जे कमी असेल ते. तहकूब ग्रामसभेला ती अट नाही. सदस्य अडवतात तेव्हा गावाचा विकास आराखडा ग्रामसभेतूनच मंजूर करून घ्या.

पैशाचं सांगतो. १५ व्या वित्त आयोगाचा (२०२१ ते २०२६) ६० टक्के निधी पाणी-स्वच्छतेला बांधलेला होता, ४० टक्के मोकळा. पेमेंट ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) अन् सरपंच अशा दोघांच्या डिजिटल सहीनं होतं. जुन्या सरपंचाची सही आधी रद्द करा, नवी नोंदवताना मोबाईल नंबर ताईंचाच द्या. ती डिजिटल सहीची किल्ली (पेनड्राइव्हसारखी असते) ग्रामपंचायतीतल्या संगणक केंद्रचालकाच्या ड्रॉवरला ठेवू नका. बऱ्याच गावांत ती तिथंच असते, आणि लेखापरीक्षणात वसुली निघते तेव्हा केंद्रचालकाचं नाव कुठं नसतं. मोजमाप पुस्तिकेत नोंद असल्याशिवाय बिलाला सही नाही, कितीही घाई असू दे.

मांजराकाठ
दारावर डकवायचं माहीत नव्हतं. अजून एक, ताईंचे मालक सभेत बसले तर?

नमुना_आठ
बसू देऊ नका. कार्यालयात अन् सभेत नातेवाइकांनी कारभार करायचा नाही, त्याचा फोटो म्हणजे विरोधकांना आयता पुरावा. गावाच्या कामाचा ठेका किंवा ट्रॅक्टरचं भाडं त्यांच्या नावानं निघालं तर हितसंबंधाचा मुद्दा लागतो, तोही कलम १४ लाच.

गोदाकाठचा
उन्हाळा आला की टँकरचं बघा. आधी ठराव, मग पंचायत समितीला प्रस्ताव, मग बीडीओ (गटविकास अधिकारी) अन् तहसीलदारांची पाहणी. जवळची विहीर किंवा बोअर अधिग्रहण करता येत असेल तर टँकर मिळत नाही. हिशोब माणशी रोज २० लिटर. लॉगबुकला खेप खाली झाल्यावरच सही, कोऱ्या पानावर कधीच नाही.