शब्दचर्चा: अप्रूप, नवल, विस्मय… यातला कुठला?

एक शब्द अडलाय. रिकाम्या वेळात मी वह्या शिवते. जुजबंदीच्या, म्हणजे चार ताव एकात एक घालून दुमडायचे, आठ पानांचा एक जुज झाला. घडीवर दाभणाने भोकं पाडायची आणि मेण लावलेला दोरा ओवत वरचा जुज खालच्याला बांधत जायचं. सगळं माझ्याच हातचं, आत लपलेलं काही नाही. तरी शेवटची गाठ मारून वही उघडली आणि ती मधोमध सपाट पसरली, की दर वेळी मी बघतच राहते. या वाटण्याला काय म्हणायचं? 'आश्चर्य' म्हणवत नाही, कारण अनपेक्षित काही घडलेलंच नसतं. 'कौतुक' म्हटलं तर आपणच आपली पाठ थोपटल्यासारखं होतं. अनोळखी गावात भल्या पहाटे उतरल्यावर किंवा एखाद्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर जे होतं, ते आणि हे एकच आहे अशी माझी समजूत आहे. तर तिन्हींना पुरेल असा एक शब्द सुचवा.

* * *

अप्रूप. यात अडण्यासारखं काय आहे? 'अपूर्व' बोलण्यात झिजून 'अप्रूप' झालं असं मानतात. पूर्वी नव्हतं ते अपूर्व. त्याच घरातली 'अपूर्वाई', जी पु. ल. देशपांड्यांच्या प्रवासवर्णनामुळे सगळ्यांच्या तोंडी आहे. प्रवासाला तर हा शब्द चपखल आहे.

* * *

प्रवासाला हो. पण पन्नासाव्या वहीचं अप्रूप कसं वाटेल? हा शब्द आपण जास्त वेळा कसा वापरतो बघा: "आता त्याचं काही अप्रूप राहिलं नाही." अप्रूपाला दुर्मीळपणा लागतो, सवय झाली की ते आटतं. माझं आटत नाही, अडचण तीच आहे.

* * *

नवलाचीही तीच गत. नव्याची नवलाई, नव्याचे नऊ दिवस. दहाव्या दिवशी काय करायचं ते भाषेने सांगितलेलं नाही. शिवाय आजच्या बोलण्यात 'नवल' उरलंय ते बहुतेक नकाराच्या आधाराने. 'त्यात नवल ते काय', 'नवल नाही'. होकारार्थी ऐकलं तर टोमणा असतो: आज वेळेवर आलास, नवल वर्तलं!

* * *

'आश्चर्य' इतक्या झटक्यात मोडीत काढू नका. पाणिनीचं एक सूत्र आहे, 'आश्चर्यमनित्ये'. 'आचर्य' म्हणजे आचरावं असं, रीतीतलं. त्याच्या मध्ये एक 'श्' शिरला की होतं आश्चर्य, आणि पाणिनी म्हणतो की हा 'श्' शिरतो तो अर्थ 'अनित्य' असेल तेव्हा, म्हणजे नेहमी घडणारं नसेल तेव्हा. रोजच्या कामात एक अक्षर घुसलं आणि ते रोजचं राहिलं नाही! तुमच्या वहीचं याहून चांगलं वर्णन मला तरी करता येणार नाही.

पण तुमच्या तिन्हींना कवेत घेणारा शब्द विचाराल तर 'विस्मय'. त्याच्या पोटात 'स्मि' धातू आहे, 'स्मित'मधला. म्हणजे या चकित होण्यात हसू आधीपासून आहे, भीती नाही. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरताने अद्भुत रसाचा स्थायीभाव म्हणून विस्मयच सांगितलाय. तो कशाने जागा होतो त्याची यादी वाचण्यासारखी आहे: उपवनात किंवा देवळात जाणं, माया, इंद्रजाल, आणि पुढच्या श्लोकात नेहमीपेक्षा वरचढ असं वाक्य, शिल्प आणि कर्म. कुठेतरी जाणं, वाक्य आणि हातची कारागिरी. तुमचा प्रवास, पुस्तक आणि वही हे तिघंही तिथे आधीच येऊन बसलेत. लक्षणंही दिलीत: डोळे विस्फारतात, पापणी लवत नाही, अंगावर रोमांच येतात.

* * *

भरत बरोबर, पण विस्मय बोलतं कोण? घरी जेवताना "मला विस्मय वाटला" म्हणून बघा, सगळे तुमच्याकडे विस्मयाने पाहतील. तो शब्द आता छापील झालाय.

माझं निरीक्षण असं की या भावनेचे शब्द मराठीत फार दिवस उंचावर टिकत नाहीत. साहित्यशास्त्रात 'चमत्कार' म्हणजे काव्य वाचून रसिकाला होणारा आनंद. आपण 'चमत्कारिक माणूस' म्हणतो तेव्हा त्याच्यापासून चार हात लांब राहायचं असतं. 'विचित्र' म्हणजे मुळात नाना रंगांचं. 'अजब' फारसीमार्गे आलेला अरबी शब्द, त्याच्यावरून वस्तुसंग्रहालयाला 'अजबखाना' हे काय सुरेख नाव होतं, पण आज 'अजब कारभार'. थक्क व्हायला आपली ना नाही, फक्त दुसऱ्याच मिनिटाला संशय येतो.

* * *

'कौतुक' उलट्या दिशेने गेलंय, चकित होण्यातून मायेकडे. संस्कृतात त्याचा अर्थ कुतूहल, उत्सुकता. 'माझा मराठाचि बोलु कौतुकें' या ओवीतलं 'कौतुकें' काही जण 'कौतुकाचा' असं घेतात आणि काही 'लीलया, सहज खेळता खेळता' असं. मला दुसरा अर्थ आवडतो, आणि वह्या शिवणारीला तो लागूही पडतो. तेव्हा पाठ थोपटण्याचा धसका घेऊ नका. (लग्नात मनगटाला बांधतात त्या मंगल दोऱ्यालाही संस्कृतात कौतुक म्हणतात, म्हणजे हातातला दोरा. तुमच्या दोऱ्यावरून आठवलं, बाकी संबंध नाही.)

* * *

सगळे नामाच्या मागे का लागलेत? क्रियापद घ्या: हरखणे. 'हर्ष'चा हरख. आणि मूळ 'हृष्' धातूत केस उभे राहण्याचा अर्थ आहे, म्हणून तर 'रोमहर्षक'. हरखायला वस्तू नवी असावी लागत नाही. माहेरी शंभराव्यांदा आलेली लेकही हरखते. वही उघडून तुम्ही हरखता, बस.

* * *

'हरखणे' वहीला एकदम बसलं, गावालाही बसतंय. पण पुस्तकाला? "पुस्तक पाहून हरखले" म्हटलं तर ते भेट मिळालंय असं वाटतं, वाचलंय असं नाही. वाचताना मी हरखत नाही, गप्प होते. म्हणजे तिन्ही एकच आहे ही माझी समजूतच चुकीची असावी.

जाता जाता एक सांगते. काल चर्चा वाचून झाल्यावर मुद्दाम एक वही पुरी केली, म्हटलं नेमकं काय होतं ते पकडू. चौथ्या जुजाचं एक भोक घडी सोडून बाजूला पडलं होतं, दोरा तिथे जरा तिरका गेला, वाटलं ही काही धड उघडायची नाही. उघडली तर सपाट. आणि तोंडातून निघालं, "अय्या!"

* * *

मग झालं की. केवलप्रयोगी अव्यय. त्याला लिंग नाही, वचन नाही, काळ नाही, पन्नासाव्या वहीलाही तसंच्या तसं चालतं.

* * *

व्याकरणात लिंग नसेल, पण 'अय्या' म्हणणारा पुरुष मी अजून पाहिलेला नाही. मी सुतारकाम करतो, खाच पहिल्या फटक्यात बसली की माझ्या तोंडून जे निघतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. 'अरेच्चा' चालेल का?