पितळेवर हाताने कोरकाम शिकायचंय, सुरुवात कशी करू?

वेलबुट्टी: आजीच्या पितळी डब्याच्या झाकणावर वेल कोरायची फार इच्छा आहे. भांड्यांवर नावं घालायचं विजेचं मशीन मिळतं, पण मला हातानेच करायचंय. पुण्यात राहते, शनिवार-रविवार वेळ असतो. कोरण्यांचा मोठा संच ऑनलाइन दिसतोय, तो घेऊ का?

जुना_फिटर: संच नको. हायस्पीड स्टीलची एकच चौकोनी कोरणी घ्या आणि उरलेले पैसे धारेच्या दगडांत घाला. माझी सगळी नोकरी कारखान्याच्या टूलरूममध्ये डायवर, म्हणजे पोलादी साच्यावर, अक्षरं कोरण्यात गेली, आता हौसेने पितळेवर कोरतो. नवशिके हात थरथरतो म्हणून खट्टू होतात. मी त्यांची कोरणी भिंगाखाली धरतो आणि बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.

तोंडाचा, म्हणजे टोकाकडच्या तिरक्या सपाट भागाचा, कोन 45 अंश ठेवा. मग खालच्या दोन्ही अंगांना, अगदी टोकाशी, 15 ते 20 अंशांची टाच, म्हणजे छोटा उतार, घासा, अर्ध्या मिलिमीटरहून लहान. टाचेमुळे टोक धातूत शिरतं आणि मुठीला पत्र्यावर जागा मिळते. ती लांब झाली की वळणावर मागचा भाग घासतो आणि रेघेच्या बाहेरच्या काठावर ओरखडे उठतात. आकार 600 नंबरच्या हिऱ्याच्या दगडावर द्या, 1200 वर साफ करा, शेवटी पॉलिश. तोंड आरशासारखं झालं तरच काप चमकतो. टोक अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवून बघा. घसरलं, तर परत दगडावर.

सरावाला दीड-दोन मिलिमीटर जाड पितळी पत्रा आणा. मऊ म्हणून तांब्यापासून सुरुवात करा असं बरेच जण सांगतात, मला ते पटत नाही. तांबं कोरणीला चिकटतं, रेघेच्या कडा फुगतात आणि चूक हाताची की धातूची तेच कळत नाही. पत्रा लाकडी ठोकळ्यावर राळेत बसवा, ठोकळा वाळू भरलेल्या चामडी पिशवीवर ठेवा. वळण आलं की डाव्या हाताने ठोकळा फिरवायचा, उजवा हात नुसता पुढे रेटतो. डाव्या हाताची बोटं टोकाच्या वाटेत कधीही नकोत, आणि डोळ्यांना चष्मा हवाच.

आधी समांतर सरळ रेघा, मग कमानी. वेलीच्या पानासाठी बारीक सुरू होऊन रुंद होणारी रेघ लागेल: कापता कापता कोरणी थोडी कुशीवर कलती करायची.

मिरजवाला: तांबट आळीत एकदा जाऊन याच, पण तिथलं मठारकाम ठोक्यांचं असतं, त्यात धातू कापला जात नाही. अक्षरांचं कोरकाम मात्र आपल्या तांबटांना चांगलं अवगत होतं. नाना फडणविसांनी भगवद्गीता छापण्यासाठी एका तांबट कारागिराकडून तांब्याच्या पत्र्यांवर कोरायला घेतली होती, नानांच्या पश्चात तो कारागीर मिरजेला आला आणि 1805 मध्ये तिथले संस्थानिक पटवर्धन यांच्या आश्रयाने ती छापली गेली. छपाईसाठी म्हणजे सगळी अक्षरं उलटी कोरायची! मिरजेचा असल्याने हे सांगितल्याशिवाय राहवेना.

वेलबुट्टी: काका, खूप आभार. एकच शंका: झाकण पातळ आणि फुगीर आहे, आतून कल्हई आहे. ते कसं धरायचं? आणि नक्षी कशी उतरवू?

जुना_फिटर: झाकण उलटं करून आत पातळ केलेली राळ ओता, गार होऊ द्या, मग ठोकळ्यावर चिकटवा. पोकळ राहिलं तर दाबाखाली पत्रा बसेल. झाकणाला थेट ज्योत लावू नका, कथील 232 अंश सेल्सिअसला वितळतं आणि कल्हई ओघळेल. राळ त्याच्या बऱ्याच खाली नरम होते, तेव्हा गरम हवा पुरे. राहिलेली राळ टर्पेंटाइनने पुसली जाते.

नक्षीसाठी पांढऱ्या पोस्टर रंगाचा विरळ हात द्या, वाळल्यावर पेन्सिलीने काढा, मग अणकुचीदार सुईने रेघा हलक्या ओढून घ्या, म्हणजे रंग पुसला तरी खूण राहते. पातळ पत्र्यावर उथळच कोरा. आणि आजीच्या झाकणाआधी जुन्या बाजारातून तसंच एखादं फुगीर झाकण आणून त्यावर पूर्ण वेल कोरा. भिंगातून काढलेला फोटो इथे टाका, कोरणीच्या तोंडाचाही.