चर्चा: बाबांच्या जुन्या झेनची रेसकार करावी का?

मानेवाडावाला
बाबांनी 1997 साली घेतलेली कार्ब्युरेटरवाली मारुती झेन चार वर्षांपासून अंगणात कडुलिंबाखाली उभी आहे. मी आणि पुतण्या मिळून तिची मातीवर पळवायची गाडी करून राहिलो. सीटा, गालिचे, एसी सगळं बाहेर निघालं. घरचे म्हणतात, पैसाही जाईल आणि रविवारही. मला नाही तसं वाटत. गाडी काय असते हे शिकायला याच्यापेक्षा चांगली गाडी नाही. 993 सीसी, 50 च्या आसपास हॉर्सपॉवर, वजन जेमतेम सव्वासातशे किलो. हाताने उघडता येते, हाताने लावता येते.

क्रम आधीच ठरवला आहे: पहिले ब्रेक, मग पिंजरा (गाडी उलटली तर आतल्याला वाचवणारी लोखंडी पाइपांची चौकट), इंजिनला हात सगळ्यात शेवटी. परवा मास्टर सिलिंडरचं, म्हणजे ब्रेक ऑइलच्या डब्याचं, झाकण काढलं तर आत चहासारखं काळं तेल. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट 3 या प्रतीच्या ब्रेक ऑइलचा नियम सांगतो की नवं तेल किमान 205 अंशांपर्यंत उकळायला नको, पाणी मुरल्यावर तीच हद्द 140 वर येते. उकळलं की पेडल सरळ खाली. नागपूरच्या मे महिन्यात तर नकोच हा प्रकार. तुमचं मत सांगा.

जुनी_गाडी_जपा
माझा विरोध आहे. अशा झेन आता रस्त्यावर दिसत नाहीत. बाबांची गाडी आहे, मूळ रंगात आहे, तिला कापू नका. एकदा कापलेला पत्रा परत तसा होत नाही. तेवढ्याच पैशात ती पुन्हा चालती करा आणि बाबांना शेजारी बसवून रामटेकला घेऊन जा. पळवायला दुसरी आणा, आधीच ठोकलेली.

हिंगणा_फॅब्रिकेशन
मी वीस वर्षं वेल्डिंग करतो. पिंजरा हा शब्द लोक फार सहज वापरतात म्हणून सांगतो. आमच्याकडे पोरं नळाचा जीआय, म्हणजे जस्त चढवलेला, पाइप घेऊन येतात आणि म्हणतात, लावून द्या भाऊ. मी परत पाठवतो. एक तर तो शिवणीचा, दुसरं म्हणजे जस्ताचा धूर छातीत जातो. एफआयए म्हणजे मोटार शर्यतींची आंतरराष्ट्रीय संघटना, तिच्या नियमात ड्रायव्हरच्या मागच्या मुख्य कमानीला सीमलेस, म्हणजे बिनशिवणीचा, पाइप लागतो, 45 मिमीचा अडीच मिमी जाडीत नाहीतर 50 चा दोन मिमीत. आणि पाइप पत्र्यावर नुसता टेकवून चालत नाही. खाली 3 मिमीची पट्टी पाहिजे, किमान 120 चौरस सेंटिमीटर. नाहीतर गाडी उलटली की कमानीचा पाय फरशी फाडून खाली जातो.

आता एक काम करा. ड्रायव्हरच्या पायाखालचं रबर उचला आणि पेचकसाने टोचून पाहा. आरपार गेला तर पिंजऱ्याची गोष्ट नंतर, आधी फरशी.

धरमपेठकर
पिंजरा कितीही चांगला करा, ती चालवणार कुठे? कोइम्बतूरला ट्रॅक आहे, चेन्नईला आहे, ग्रेटर नोएडाला आहे. नागपुरात नाही. म्हणजे शेवटी रात्री अकराला आउटर रिंग रोड. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 असा बदल करू देत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये तेच सांगितलं. रस्त्यावर शर्यत लावणं कलम 189 खाली गुन्हा आहे. आणि हे कोणी बोलत नाही: हेल्मेट न घालता पिंजऱ्याच्या गाडीत बसलं तर साध्या धक्क्यातही डोकं लोखंडी पाइपवर आदळतं. आमच्या गल्लीतला एक पोरगा रस्त्यावरच्या शर्यतीत गेला. त्याच्या आईकडे आजही बघवत नाही. म्हणून मी हे हौसेच्या नावाखाली सोडून देणार नाही.

मानेवाडावाला
हिंगणा भाऊ, टोचून पाहिलं. डाव्या बाजूला ठीक आहे. उजवीकडे क्लचच्या खाली पेचकस मुठीपर्यंत गेला, आणि बाहेर ओलसर, विटकरी भुगा आला. चार पावसाळे तिथे पाणी साचलं असणार. म्हणजे जपा भाऊंची मूळ रंगाची गाडी वरूनच मूळ आहे. बाबांनाही ते भोक दाखवलं. ते म्हणाले, कबाडीत गेली असती, त्यापेक्षा तुम्ही काही करा.

धरमपेठकर, तुमचं खरं आहे. ती रस्त्यावर उतरणार नाही. नोंदणी रद्द करायचा अर्ज आरटीओत आधी देतो, पिंजरा त्यानंतर. नेणं-आणणं छोट्या ट्रकवर. उमरेड रोडला मित्राचं मुरमाचं रान आहे, काळी माती नाही, त्यामुळे पावसाळा सोडला तर चाकं रुतत नाहीत. तिथे कोन लावून एकेक गाडी, दुसऱ्या गिअरमध्ये.

धरमपेठकर
रानाला माझी हरकत नाही. पुतण्याचं वय किती?

मानेवाडावाला
सतरा. अठरा झाल्याशिवाय स्टिअरिंग नाही, हे त्याला सांगितलं आहे. तोवर पाने आणि जॅक त्याच्याकडे.

जुनी_गाडी_जपा
फरशी गेली असेल तर माझं म्हणणं मागे घेतो. पण डॅशबोर्ड आणि मीटर फेकू नका. कोणाची तरी झेन अजून चालू आहे, तिला लागतील.

हिंगणा_फॅब्रिकेशन
रविवारी दुकान बंद असतं. सोमवारी सकाळी या, फरशी कापून किती पत्रा शिल्लक आहे ते बघू. पाइप मात्र अजून घेऊ नका.