पनीर, चीज, आइस्क्रीम: पाकिटावर नेमकं काय वाचायचं?

केळवण_घरी
भाचीचं केळवण आमच्याकडे आहे, तीसेक पानं. पनीरची भाजी आणि शेवटी आइस्क्रीम ठरलंय. घाऊक दुकानात एकाच फ्रीजमध्ये दोन प्रकारचं पनीर दिसलं. भावात बराच फरक, दोन्हींवर हिरवा ठिपका. मला पाहुण्यांना दुधाचंच वाढायचंय. घटकांची यादी वाचायला घेतली तर ४१२, ४७१ असले आकडे. कोणता आकडा दिसला की पाकीट परत ठेवायचं?

डेअरीतला_माणूस
ताई, आकड्यांच्या मागे लागू नका. ४१२ म्हणजे गवार गम (घट्टपणासाठी) आणि ४७१ हे इमल्सिफायर (फॅट आणि पाणी एकजीव ठेवणारं), दोन्ही अस्सल दुधाच्या आइस्क्रीममध्येही असतात. फॅट कुठून आलंय एवढं बघा. पाम तेल, पामोलीन, खाद्य वनस्पती तेल, हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट यांतलं काही यादीत असेल, तर दुधाच्या फॅटची जागा तेलाने घेतली आहे. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचा नियम आहे, त्यामुळे तेल वरच्या नंबरावर असेल तर प्रमाणही तेवढं मोठं.

त्याआधी पदार्थाचं नाव शोधा. ब्रँड मोठ्या अक्षरात असतो, हे नाव बरेचदा खाली बारीक. साधं ‘आइस्क्रीम’ म्हणायचं तर किमान १०% दुधाचं फॅट लागतं. मीडियम फॅट आणि लो फॅट आइस्क्रीममध्ये ते कमी असतं, पण दुधाचंच. वनस्पती तेलाचं असेल तर त्याला ‘फ्रोझन डेझर्ट’ म्हणावं लागतं. पनीर-चीजच्या बाबतीत ‘अ‍ॅनालॉग’ हा शब्द बघा, म्हणजे दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेल घालून केलेला, पनीर-चीजसारखा दिसणारा माल. ते विकणं बेकायदा नाही, ते पनीर म्हणून खपवणं बेकायदा आहे.

आणि ‘कंटेन्स मिल्क’ वाचून निर्धास्त होऊ नका. ती अ‍ॅलर्जीवाल्यांसाठी सूचना आहे. अ‍ॅनालॉग पनीरमध्ये स्किम्ड मिल्क पावडर घालतात, म्हणजे तिथेही ते वाक्य खरंच ठरतं.

सांगलीची_सुगरण
मी छोट्या ऑर्डरी घेते. माझी सवय सांगते: पोषणाच्या तक्त्यात कोलेस्टेरॉल बघायचं. फॅट भरपूर आणि कोलेस्टेरॉल शून्य, असं पनीर किंवा चीज दुधाचं असू शकत नाही, कारण वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल जवळपास नसतंच. उलटं मात्र धरू नका, दूध आणि तेल मिसळलेल्या मालातही थोडं दिसेल.

केक मागवणार असाल तर बेकरीत क्रीमचा डबा दाखवायला सांगा. बहुतेक ठिकाणी नॉन-डेअरी व्हिप टॉपिंग असतं, पाणी, साखर आणि पाम कर्नल तेलाचं.

दुधाची_अ‍ॅलर्जी
थोडं अवांतर, पण आमच्यासारख्यांसाठी महत्त्वाचं. ‘नॉन-डेअरी’ लिहिलेल्या कॉफी क्रीमरमध्ये सोडियम केसिनेट असू शकतं. ते दुधातलंच प्रोटीन आहे. लेकीसाठी मी ही ओळ दर वेळी वाचते, ओळखीचा ब्रँड असला तरी.

केळवण_घरी
खूप आभार! पण आमच्या भागात पनीर बहुतेक सुटंच मिळतं. तिथे काय वाचू? आयोडीनचा थेंब टाकून बघू का?

डेअरीतला_माणूस
आयोडीनने फक्त स्टार्च कळतो. पनीर पाण्यात उकळून, गार करून थेंब टाकलात आणि निळं झालं तर स्टार्च आहे. पाम तेल त्यात पकडलं जाणार नाही. सुटं घेताना लादी ज्या खोक्यातून किंवा पिशवीतून काढली ती बघायला मागा, त्यावर नाव, घटक आणि १४ अंकी परवाना क्रमांक हवा. बिलावर ‘पनीर’ असं लिहून घ्या. लिहून द्यायला जो का-कू करेल त्याच्याकडून घेऊ नका.

सांगलीची_सुगरण
तीस पानांना घरीच करा की! म्हशीच्या लिटरभर दुधाचं साधारण २०० ग्रॅम पनीर पडतं. अडीच किलोला बारा-तेरा लिटर धरा, दूधवाल्याला दोन दिवस आधी सांगून ठेवा. निवळी फेकू नका, कणीक त्यातच मळा.