खंडाने दिलेल्या ८० एकरांचं अनुदान कुणाचं?

बांधावरचा (आयोवा)
ग्रीन कार्ड मिळाल्यावर हौसेनं ८० एकर घेतले. मी शहरात राहतो, जमीन कसतो शेजारचा एक म्हातारा शेतकरी, रोख खंडानं. मार्च आणि नोव्हेंबरात चेक येतो, एकदाही चुकलेला नाही. परवा सहज आमच्या काउंटीच्या (इथला जिल्हाच म्हणा) शेती अनुदानाची यादी उघडली. गावाकडं पीएम किसानची असते तशीच नावानिशी, फक्त आकडे जाडजूड. त्यात म्हाताऱ्याचं नाव आहे, माझं कुठंच नाही.

गावी सातबारा वडिलांच्या नावावर, कसतो चुलतभाऊ, आणि २,००० चे तिन्ही हप्ते वडिलांच्या खात्यात. त्या हिशेबानं इथले पैसे माझे नाहीत का? निदान अर्धे? दुसरं कोडं : यंदा सगळ्या ८० एकरांवर सोयाबीन उभं आहे, तरी कागदावर ४० एकर मका दिसतो. लबाडी तर नाही ना? विचारायची लाज वाटते. गेल्या खेपेला त्यानं माझ्यासाठी फाटकाला टोमॅटोची पिशवी अडकवून ठेवली होती.

नेब्रास्काची सून
लबाडी नाही हो. सासरी शेतीचे कागद मीच भरते, म्हणून सांगते. तो ४० एकर मका म्हणजे ‘बेस एकर’. मागच्या काळातल्या पेऱ्यावरून जमिनीला चिकटलेला आकडा, यंदा काय पेरलं त्याच्याशी संबंध नाही. ढोबळ उदाहरण घ्या. मक्याची संदर्भ किंमत, म्हणजे बाजारभाव जिच्याखाली गेला तर सरकार फरक देतं ती, बुशेलला (साधारण २५ किलोला) ३.७० डॉलर होती, २०२५ च्या कायद्यानं ४.१० केली. समजा वर्षाची देशभरातली सरासरी ३.९० निघाली. फरक २० सेंट, नोंदलेला उतारा एकरी १५० बुशेल, म्हणजे एकरी ३० डॉलर. पैसे मिळतात ८५ टक्के बेसवर. ४० एकरांचे झाले १,०२० डॉलर. तेही लगेच नाही : २०२५ च्या पिकाचे २०२६ च्या ऑक्टोबरनंतर. भाव चढला तर शून्य.

आता कुणाचे? रोख खंड असेल तर कसणाऱ्याचे. तुमचा चेक भाव पडो वा गारपीट होवो, येणारच. धोका त्याचा, म्हणून पैसे त्याचे. अर्धेलीनं दिली असती तर पिकाच्या वाट्याप्रमाणे तुम्हालाही मिळाले असते. पीएम किसान मालकी बघतं, इथली अनुदानं धोका बघतात.

हिशेबी
एवढं कशाला? पुढच्या करारात एकरी पंधरा डॉलर खंड वाढवा, पैसे आपोआप तुमच्याकडं येतील. सगळे मालक तेच करतात.

नेब्रास्काची सून
करतात खरं, आणि मग अनुदान शेवटी खंडातच मुरतं, तेही मान्य. पण भाव चढल्यावर अनुदान शून्य होईल तेव्हा तुम्ही पंधरा डॉलर परत द्याल का? मी तर वाढवणार नाही. चेक वेळेवर देणारा कसणारा सहज मिळत नाही. आणि एक, एच-वन-बीवाल्यांसाठी, म्हणजे ग्रीन कार्ड नसलेल्या, कामाच्या व्हिसावरच्यांसाठी : ज्या राज्यात परकीय नागरिकाला शेतजमीन घेता येते तिथंही घेतल्यावर ९० दिवसांत केंद्राच्या कृषी खात्याला कळवावं लागतं. दंड जमिनीच्या किमतीच्या २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

बांधावरचा
आभार, ताई. शनिवारी जाऊन आलो. पैशांचा विषय काढलाच नाही, फक्त ‘बेस एकर म्हणजे काय’ एवढंच विचारलं. त्यानं ड्रॉवरमधून नकाशा काढला, त्यावर पेन्सिलीनं माझे ८० एकर आखलेले. माझ्या आधीच्या मालकाचं नाव खोडून वर माझं लिहिलंय. स्पेलिंग चुकलंय, पण मी दुरुस्त करायला सांगितलं नाही. खंडही तोच ठेवलाय.