मदत हवी आहे : नदीतल्या बदकांना पोळी घालावी का?

इंग्लंडात रेडिंगला राहणाऱ्यांना, किंवा पक्ष्यांतलं कळणाऱ्या कुणालाही विचारतेय. थेम्स नदीच्या काठावर मॅलार्ड (रानबदकं), हंस आणि कॅनडा गूज (हंसापेक्षा लहान, बदकापेक्षा मोठे पक्षी) यांची नुसती झुंबड असते. सासूबाई सध्या इथे आल्या आहेत. शिळ्या पोळ्या डब्यात साठवतात आणि रविवारी नातवाला घेऊन निघतात. मुक्या जिवांना घातलं की पुण्य, त्यामुळे नको म्हणायची सोय नाही.

पाव हे पोटभरीचं पण निकस खाणं. उरलेला पाण्यात कुजतो, शेवाळ माजतं, उंदीर येतात, हे वाचलंय. मटार, मक्याचे दाणे, ओट्स थोडे थोडे घाला असं सांगतात. पण २०१९ साली राणीच्या हंसांची देखरेख करणाऱ्या डेव्हिड बार्बर यांनीच पाव बंद करू नका, हंस उपाशी राहतात असं सांगितलं होतं. मग खरं काय मानायचं?

मला विचारायचंय ते पोळीबद्दल. आमच्या कणकेत मीठ असतं, वर तेलाचा हात. ते चालतं का? बिनमिठाचा मोकळा भात चालेल? आणि माणसं घालतच राहिली तर बदकं स्वतः चरायचं सोडतात का? (मांडव्याच्या बोटीवर सीगल कुरकुऱ्यांसाठी कसे मागे लागतात, आठवा!)

सासूबाईंना न दुखावता कसं सांगायचं तेही सुचवा. मटाराचा डबा हातात दिला तर त्या म्हणतील, एवढे महागाचे मटार बदकांना?